तात्यांचा वाल्या

आमच्या धाकट्या दिरांना, म्हणजे तात्यांना, एक खोड आहे. माणूस जेवायला बसला, त्याने पहिला घास तोंडात घातला, की नेमकी तेव्हाच त्यांना त्याची ओळख करून द्यायची असते. लालबागला माझी खाणावळ आहे. दोन पाळ्यांचे मिळून बावीस गिरणीवाले माझ्याकडे जेवतात. कुणाचं गावी भांडण आहे, कुणाची बायको माहेरी बसलीय, कोण कुणाला तोंड चुकवतो, सगळं मला ठाऊक असतं. त्यातलं एक अक्षर मी पंगतीत काढत नाही. मी तिसरी पास, पण एवढं मला कळतं. तात्या मॅट्रिक आहेत.

माझ्या ह्यांनी गिरणीत साचे चालवून त्यांना मॅट्रिक केलं. आता ते गिरगावात राहतात आणि बोटीच्या एका कंपनीत हेडक्लार्क आहेत. हे गेल्यापासून घरात मोठी मीच, म्हणून दर सणाला पाया पडायला येतात. पाया पडतात आणि मग माझं काही ऐकत नाहीत.

छप्पन साली संयुक्त महाराष्ट्रासाठी ते सत्याग्रहाला गेले आणि एकवीस दिवस तुरुंगात राहून आले. गेले तेव्हा हेडक्लार्क होते, आले ते संत होऊन. नाक्यापासून घरापर्यंत लोकांनी त्यांना वाजतगाजत नेलं. मीही हार घातला. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला होता. आमच्या घराण्यात तुरुंगात जाण्याइतकं मोठं कुणी झालं नव्हतं.

पण आत त्यांना खरे कैदी भेटले. संध्याकाळी तात्यांनी भजन लावलं तर तिघेजण रडले म्हणे. तात्यांचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना त्यात नवल वाटणार नाही. तात्यांना मात्र तिथेच साक्षात्कार झाला. बाहेर आल्यावर त्यांनी आपल्या भजनी मंडळात ठराव केला. मंडळ दर एकादशीला परवानगी काढून तुरुंगात भजनाला जाईल. सुटणाऱ्या माणसाला दारात घ्यायला जाईल, त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घालील आणि त्याला कामधंद्याला लावील.

मी वाईट म्हणत नाही. सुटलेल्याला घ्यायला दारात सहसा कुणी उभं नसतं. तिथे आमचे तात्या रजा टाकून उन्हात उभे राहिले, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. फक्त त्या माणसाला ठेवायचं कुठे आणि जेवू कुणी घालायचं, हे ठरावात नव्हतं. ते माझ्याकडे आलं.

सत्तावन सालच्या गणपती विसर्जनानंतर तात्या मंडळाचा पहिला माणूस घेऊन आले. भिवा त्याचं नाव. माहीमच्या कोळीवाड्यातला. चाळिशीच्या आतला, काळासावळा, रुंद खांद्यांचा, आणि ते रुंद खांदे कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखा दारात उभा. गळ्यात झेंडूचा हार, हाराखाली नवी कोरी माळ.

दुपारची पंगत बसली होती. हार बघितला आणि माझे सगळे गडी हातातला घास ठेवून उठले. ते दिवसच तसे होते. तुरुंगातून आलेला माणूस म्हणजे देवाच्या खालोखाल. सीताराम जॉबरने, साच्यांवरच्या मुकादमाने, आपला पाट रिकामा करून भिवाला बसवलं, माझ्या वाटणीची बांगड्याची तुकडी ह्यांना वाढा, असं मला म्हणाला. मग कुणीतरी विचारलं, कुठल्या तुकडीत होतात, कुठे पकडले. भिवाने मान खाली घातली. तेवढ्यावर भागलं असतं तर गडीही गप्प राहिले असते, मोठा माणूस बोलत नाही म्हणून आणखी मान दिला असता.

पण तात्या कसे गप्प राहतील? खोटेपणा त्यांना खपत नाही.

"छे छे, हा सत्याग्रही नव्हे," ते म्हणाले. "हा चोरी करून गेला होता. गोदीतून कापडाचे दोन तागे. दीड वर्ष. पण आता हा आमचा वाल्या आहे, याचा वाल्मीकी आपण करणार."

सीतारामने पाट परत मागितला नाही. तेवढी रीत त्याला होती. तो उभ्यानेच हात धुऊन निघून गेला. बांगडा भिवाच्या ताटात तसाच राहिला, कारण तात्यांनी लगेच सांगितलं की माळकऱ्याला तो चालत नाही. भिवाने गळ्याकडे बघितलं. माळ घालताना त्याला कुणी विचारलं नव्हतं. दारातून बाहेर पडलेला माणूस गळ्यात काय पडतंय ते बघत नाही, कुणी घालतंय एवढंच बघतो. आणि घालणाऱ्यांपैकी एकालाही सुचलं नाही की हा कोळी आहे. मासळी सोड म्हणजे याला काय सोड म्हटल्यासारखं होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी त्याला वरणभात वाढला. रात्री झोपायला माळ्यावर जागा दिली. आणि खाली येऊन माझी पितळेची दोन पातेली उचलून शेजारच्या राधाबाईंकडे ठेवून आले. कल्हईला दिलीत, असं सगळ्यांना सांगितलं. आठ दिवस ती कल्हई चालली. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. भिवाने विचारलं नाही, पण त्याला कळलं होतं. नवव्या दिवशी मी पातेली घेऊन आले तेव्हा तो उठला, माझ्या हातातून घेतली आणि आहेत तशी चुलीपाशी ठेवली.

तुरुंगात तो सुतारकाम शिकला होता. माझ्याकडचे पाट वर्षानुवर्षं डुगडुगत होते. बसणारा उजवीकडे कलला की त्याच्या हातातली आमटी डावीकडे जायची. त्याने एकेक पाट उलटा करून पाय तासून बसवले. मोरीच्या दाराला बिजागरी लावली. माझ्या तिखटामिठाच्या डब्यांना फळी ठोकून दिली आणि ती माझ्या हाताच्या उंचीवर ठोकली, स्वतःच्या नाही. तेव्हा मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

हळूहळू गडीही त्याच्याशी बोलायला लागले. सीताराम तर आपली मोडकी ट्रंक घेऊन आला. माणसं विसरतात हो. विसरू दिलं तर विसरतात. पण दर गुरुवारी तात्या त्याला भजनाला न्यायचे, आज काळाचौकी, पुढच्या खेपेला दादर. पहिला अभंग झाला की त्याला उभं करायचे. हा भिवा, यानं गोदीत चोरी केली, आता याच्या गळ्यात माळ आहे. बायका पदर डोळ्याला लावायच्या. मग तात्या पुढचं भजन सुरू करायचे आणि तो खाली बसायचा. लालबागमध्ये चार माणसांना माहीत होतं की हा चोर होता. दिवाळीपर्यंत दादरच्या पुलापलीकडे माहीत झालं.

मी तात्यांना एकदा म्हटलं की अहो, सरकारने दिलेली दीड वर्षं संपली. ते हसले. म्हणाले, वहिनी, माणसाला आपल्या पापाची आठवण राहिली पाहिजे. मी म्हटलं, त्याला राहील, पण ती दादरच्या बायकांना कशाला?

भिवा मात्र कुरकुर करत नव्हता. त्याचं कारण होतं. त्याची बायको चंपा आणि लहान मुलगी माहीमला तिच्या भावाकडे होत्या. भाड्याची खोली केव्हाच गेली होती. भावाने निरोप धाडला होता की कायमचं काम आणि राहायला जागा दाखव, मग बायकोचं नाव काढ. आणि कामाचं तात्यांनीच बघितलं होतं. गिरगावात कमलाकांत म्हणून पेटी बनवणारे आहेत, मंडळात पेटीही तेच वाजवतात. त्यांना हार्मोनियमच्या खोक्यांना सुतार हवा होता. कारखान्यावर पोटमाळा होता, तिथे तिघांचा संसार मांडता आला असता. कमलाकांतांनी सांगितलं होतं, तात्या, तुमचा शब्द असला तर पहिल्या तारखेपासून पाठवा. म्हणून गुरुवारी उभं राहायला सांगितलं की भिवा उभा राहायचा.

आणि रोज दोन वेळा माझ्या पंगतीत वरणभात जेवायचा. शेजारी दहाबारा माणसं बांगडे, मांदेली, सुक्याचं कालवण खाताहेत, आणि मधे हा कोळी डोळे मिटून वरण ओरपतोय. मी पाप-पुण्याचं बोलत नाही, पण मला वाढताना लाज वाटायची.

कार्तिकी एकादशीला दहा दिवस होते तेव्हा चंपा आली. मुलीला भावाकडे ठेवून, भावाला न सांगता एकटीच. दुपारची पंगत उठली होती. कोळणीचं लुगडं, कमरेला खोचलेलं, हातात फडक्यात बांधलेला डबा. माझ्याकडे बघून ती म्हणाली की भिवा इथं आहे असं कळलंय. तो माळ्यावरून उतरला. दीड वर्ष आणि वर दीड महिना. दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. मग तिने फडकं सोडून डबा उघडला. खाडीच्या चिखलात उड्या मारतात त्या निवट्यांचं कालवण होतं आणि तांदळाच्या भाकऱ्या. निवट्या तिने पहाटे स्वतः चिखलात उतरून धरल्या होत्या. पिंढरीवर वाळलेला चिखल अजून दिसत होता.

भिवा पाटावर बसला. तिने वाढलं. त्याचा हात ताटापर्यंत गेला आणि थांबला. दुसरा हात गळ्याशी गेला.

चंपा म्हणाली, "काय झालं? आता मी केलेलं चालत नाही?"

तिला माळेचं ठाऊकच नव्हतं. सदऱ्याच्या आत होती. तिला वाटलं, याला आता मीच नको झालेय, आणि ते तिच्या तोंडावर मला दिसलं. भिवाने माझ्याकडे बघितलं. ह्या माणसाने दीड महिन्यात मला एक गोष्ट मागितली नव्हती. आताही मागितली नाही, नुसतं बघितलं.

मीच म्हटलं, "काढ ती माळ, ठेव खुंटीवर आणि जेव. हात धुतलेस की घाल परत. देवाला मी बघून घेते."

कोकणात आमच्या गावी निम्मे माळकरी असेच आहेत. खुंटी कशाला असते? त्याने माळ काढली, कपाळाला लावली, देवाच्या तसबिरीखालच्या खुंटीला अडकवली आणि जेवला. कसा जेवला ते मी लिहिणार नाही. चंपा समोर बसून बघत होती आणि काटे ताटाच्या कडेला लावून ठेवत होती.

आणि तेव्हाच तात्या आले. एकादशीच्या कार्यक्रमाचे कागद वाटत फिरत होते. दादरला मोठा मंडप, चार मंडळं, पाहुणे, आणि कागदावर खाली छापलेलं, सुधारलेल्या बंदीबांधवाचं मनोगत. त्यांनी भिवाकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, खुंटीकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे भरून आले. खुंटीवरची माळ काढली, डोळ्यांना लावली, खिशात ठेवली आणि निघून गेले. मी हाक मारली ती त्यांनी ऐकली नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या शिपायाबरोबर चिठ्ठी आली. भिवाचा पाय घसरला आहे. ज्याच्याकडून एवढं व्रत पाळवलं गेलं नाही त्याच्याबद्दल मी कमलाकांतांना शब्द देऊ शकत नाही. मी दिलेला शब्द परत घेतला आहे. आपला नम्र. वहिनीला कुणी नम्र म्हणून सही करतं? ऑफिसात राहून राहून हात तसा वळला असेल.

मी सीतारामकडून ती वाचून घेतली. मला वाचता येतं, पण तात्यांचं अक्षर आणि माझा राग दोन्ही एकदम जमेना. भिवा ऐकत होता. म्हणाला, मावशी, त्यांची चूक नाही. मी म्हटलं, चूक कुणाची ते मी बघते, तू कांदे चीर.

पुढच्या सोमवारी मी भिवावर चूल टाकून गिरगावला गेले. चार वर्षांत गेले नव्हते. कमलाकांतांचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, भिंतीभर पट्ट्या नसलेल्या पेट्या, दात पडलेल्या म्हाताऱ्यांसारख्या. गृहस्थ गोरे, घारे, नाकावर चष्मा. मी नाव सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली. मी उभीच राहिले आणि विचारलं की तुमच्या पेटीच्या लाकडाला मासळी चालत नाही का.

ते आधी दचकले, मग हसले. म्हणाले, बाई, आमच्याकडे रोज बाजार असतो, मासळीचा. माझ्या गळ्यात माळ नाही म्हणून तर मला मंडळात गायला बसवत नाहीत, पेटीवर बसवतात. भिवाने मला एक खोकं करून दाखवलंय, असा सांधा माझ्या जुन्या माणसाला जमत नाही. पण दुकानात माझे तीन कारागीर आहेत. त्या सगळ्यांना ह्याची चोरी ठाऊक आहे.

"ठाऊक कशी झाली?" मी विचारलं.

"तात्यांनी गुरुवारी सांगितली."

तेव्हा कुठे मी खुर्चीवर बसले.

मग ते म्हणाले, उद्या दुकानातून काही हललं तर मी कुणाचं नाव सांगू? तात्यांचा शब्द होता तोवर गोष्ट वेगळी होती. मी म्हटलं, माझं नाव सांगा. बकुळाबाई खाणावळवाली, लालबागला कुणालाही विचारा. त्यांनी विचारलं, तुमची त्याच्याबद्दल खात्री आहे? मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून. बोलताना पितळेची पातेली डोळ्यांपुढे आली, पण मी तोंडावर दिसू दिलं नाही. एखादं खोटं चांगल्या जागी पडलं तर पांडुरंग कान देत नसावा.

कमलाकांतांनी चष्मा पुसला. म्हणाले, पाठवा पहिलीला. पोटमाळा झाडून ठेवतो. तात्या रागावतील. मी म्हटलं, ते माझ्याकडे सोपवा.

सोपवायला लांब जावं लागलं नाही. घरी आले तर तात्या पाटावर बसलेले. कपाळाला बुक्का, खिसा फुगलेला. भिवा समोर उकिडवा. चूल विझलेली, आणि ती कधी विझत नाही. मी दारात आहे हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तात्या त्याला समजावत होते, अगदी मायेने. म्हणत होते की मला चार रात्री झोप नाही. तुला टाकून देणं मला जमत नाही. एक वाट आहे. एकादशीला मंडपात उभा राहा, सगळ्यांपुढे सांग की माझं जिभेपायी पतन झालं. मी तिथेच माळ पुन्हा घालीन. लोकांना दिसेल की घसरलेला सुद्धा सावरतो. दुसऱ्या दिवशी मी स्वतः कमलाकांतांकडे जातो. मग तू, तुझी बायको, मुलगी, सगळं मार्गी.

भिवाने मान हलवली. हो म्हणाला. एवढंच विचारलं की चंपाने कालवण आणलं होतं हे सांगावं लागेल का.

तात्यांनी विचार केला. खरंच विचार केला, मी बघत होते. आणि म्हणाले, खरं ते सगळं सांगावं, भिवा. तिलाही बोलावू. तिचंही मन हलकं होईल.

तेव्हा मी आत आले. पिशवी ठेवली. भिवाला म्हटलं, पहिल्या तारखेला गिरगावला जायचंय, कमलाकांत पोटमाळा झाडून ठेवताहेत. शब्द मी दिलाय. चंपाच्या भावाला सांगून ये. त्याला आधी कळेना. मी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो उठला, तात्यांच्या पाया पडला, माझ्या पडला, चप्पल न घालताच जिना उतरला. उतरताना कठड्याला धडकल्याचा आवाज आला.

तात्या पांढरे पडले होते. वहिनी, म्हणाले, एकादशीचे कागद वाटून झालेत. मी लोकांपुढे काय उभं करू?

मी चुलीत काटक्या सारल्या, फुंकर घातली आणि त्यांच्याकडे तोंड करून बसले.

"भावजी, तुम्ही माणूस वाईट नाही. तुरुंगाच्या दारात तुम्ही उभे राहिलात, दुसरं कुणी नव्हतं, ते तुमचं पुण्य मी काढून घेत नाही. पण तुम्हाला सुटलेला माणूस नकोच आहे. तुम्हाला कैदी हवा, दर गुरुवारी सुटणारा. आता त्याच्या बायकोलाही आत घालायला निघालात. सरकारने सोडलाय त्याला. तुम्हीही सोडा. मंडपात कुणीतरी उभं राहायलाच हवं असेल तर तुम्ही राहा आणि सांगा, मी एका गरिबाची भाकरी त्याच्या ताटातल्या मासळीवर अडवली होती. बघू, बायका किती रडतात ते. आणि उठू नका, वालाचं बिरडं टाकतेय, जेवून जा."